सृंका

सृंका हा शब्द कठोपनिषदात दोनदा येतो आणि दोन्ही वेळा यमाच्या तोंडी येतो. एरवी संस्कृत वाचताना त्याची गाठ पडत नाही. अमरकोशाने गळ्यातल्या दागिन्यांची लांबलचक यादी दिली आहे. एकसरी ती एकावली, सत्तावीस मोत्यांची ती नक्षत्रमाला, शंभर सरांचा तो देवच्छंद, असा सगळा सराफकट्टाच तिथे मांडून ठेवलाय. त्यात सृंका नाही. शंकराचार्यांनाही भाष्यात हा शब्द सोडवून सांगावा लागला. त्यांनी अर्थ दिला, ‘शब्दवतीं रत्नमयीं मालाम्’. आवाज करणारी, रत्नांची माळ.

यातलं ‘शब्दवती’ मला फार आवडलं. दागिना चमकतो, झळकतो, उजेड पाडतो, हे कुणीही लिहील. आपण दर गणपतीत ‘कंठी झळके माळ मुक्ताफळांची’ म्हणतोच. (त्याच आरतीतला ‘फरा’ म्हणजे काय, असं आरती संपल्यावर विचारून बघा. टाळ हातात धरलेली सगळी मंडळी एकमेकांची तोंडं बघतात.) पण माळेचा आवाज आधी सांगणारा माणूस विरळा. संन्यासी माणसाला हे बरोबर ठाऊक होतं याची मला गंमत वाटते. गळ्यातलं सोनं दिसायच्या आधी ऐकू येतं, हे आमच्या घरात लहान पोरांनाही माहीत होतं.

आधी गोष्ट सांगते. वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करायला निघाला आणि दक्षिणेला गाई काढल्या कसल्या, तर ‘पीतोदका जग्धतृणा’. शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, आटलेल्या. मुलाला, नचिकेत्याला, ते बघवेना. मला कुणाला देणार, म्हणून त्याने बापाच्या मागे टुमणं लावलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाप वैतागला आणि म्हणाला, तुला मृत्यूला देतो. पोरगं खरोखरच यमाच्या दारात जाऊन बसलं. यजमान घरी नाहीत. तीन रात्री उपाशी. यम परत आला, अतिथी उपाशी राहिला म्हणून ओशाळला आणि तीन रात्रींचे तीन वर देऊन बसला. पहिल्या वराने पोराने बापाचा राग शांत करून मागितला. दुसऱ्याने स्वर्गाला नेणारा अग्नी शिकून घेतला. विटा कोणत्या, किती, कशा रचायच्या इथपर्यंत. शिकवून झाल्यावर त्याने ऐकलेलं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. यम एवढा खूश झाला की म्हणाला, हा अग्नी यापुढे तुझ्या नावाने ओळखला जाईल, आणि ही घे, ‘सृङ्कां चेमामनेकरूपां गृहाण’.

म्हणजे ही माळ तीन वरांच्या हिशेबात नाही. वरकड आहे. पाठ चोख म्हटला म्हणून मास्तरांनी खिशातून काढून दिलेलं बक्षीस. मृत्यूच्या खिशातून निघालेलं, हे खरं; पण दिलं ते मायेने.

पोराने ती घेतली का? उपनिषद तिथे काही बोलत नाही. तिसऱ्या वराला पोरगं मृत्यूनंतरचं गुपित विचारतं आणि यम सटकायला बघतो. शंभर वर्षं जगणारे मुलगे-नातू घे, गुरं घे, हत्ती-घोडे घे, सोनं घे, रथांतून वाद्यं वाजवत येणाऱ्या या सुंदऱ्या घे. तुझी वाहनं तुझ्याकडे, तुझं नाचगाणं तुझ्याकडे, असं पोरगं सरळ सुनावतं. मग दुसऱ्या वल्लीत, म्हणजे पुढच्या प्रकरणात, यम त्याची पाठ थोपटतो आणि तिथे तोच शब्द परत येतो. ‘नैतां सृङ्कां वित्तमयीमवाप्तो यस्यां मज्जन्ति बहवो मनुष्याः’. जिच्यात पुष्कळ माणसं बुडतात ती पैशाची सृंका तू घेतली नाहीस.

काही श्लोकांपूर्वी जे बक्षीस होतं, ते आता बुडवणारं झालं. शंकराचार्य इथे माळ खाली ठेवतात आणि अर्थ करतात वाट. मूढ लोक जातात ती पैशाची वाईट वाट. पहिल्या ठिकाणीही ‘किंवा गती’ असा पर्याय त्यांनी राखून ठेवला होताच. माळेत कोण कसं बुडेल, ही अडचण त्यांना आली असेल तर समजण्यासारखं आहे. पण मग वाटेत तरी कुठे कोण बुडतं? आमच्याकडे माणसं बुडायची ती खाडीत आणि कर्जात.

एका चातुर्मासात आमच्या गावच्या देवळात हेच उपनिषद लावलं होतं. दापोली तालुक्यातला पाऊस, वर पत्रे, त्यामुळे बुवांचं निम्मं वैराग्य पत्र्यांतच अडकायचं. माझी आते खांबाला टेकून फुलवाती वळत ऐकत होती. सृंकेचा श्लोक झाला, बुवांनी लोभावर चांगलं अर्धा तास सांगितलं आणि कुणाला काही विचारायचंय का, असं म्हणाले. कुणी काही विचारत नसतं. आतेने विचारलं.

“बुवा, त्या पोराने नाही ना घेतली माळ? मग ती गेली कुणाकडे?”

लोक हसले. बुवाही हसले. म्हणाले, “यमाकडेच राहिली असणार, आते.”

“म्हणजे घरातच राहिली. मग ठीक,” असं म्हणून आतेने पुढची वात वळायला घेतली.

बुवांच्या अर्ध्या तासापेक्षा मला आतेचा प्रश्न जास्त खोल वाटला. कारण जुन्या ग्रंथांत गळ्यातलं सोनं जिथे जिथे भेटतं तिथे ते कुठून तरी निघालेलं असतं आणि कुणाकडे तरी चाललेलं असतं. कुणी ते घालून नुसतं बसलंय, असं फार क्वचित. सृंकेची थोरली बहीण म्हणावी असा ऋग्वेदातला शब्द आहे निष्क, म्हणजे गळ्यातला सोन्याचा दागिना. रुद्र तो घालतो आणि तिथे त्याला विशेषण लावलंय ‘विश्वरूप’. सृंका ‘अनेकरूपा’, निष्क ‘विश्वरूप’. नाना आकारांचं, नाना रंगांचं काहीतरी ओवलेलं असणार. रुद्राने घातलेला निष्क त्याच्याच गळ्यात राहिला, बाकीच्यांचे मात्र फिरतीवर. कक्षीवान ऋषी सांगतो की सिंधूकाठच्या राजाने मला शंभर निष्क दिले, शंभर घोडे दिले. आता एका गळ्यात शंभर हार कोण घालणार? म्हणजे तेव्हाच निष्क मोजून द्यायची वस्तू झाली होती.

छांदोग्य उपनिषदातली गोष्ट तर त्याहून रंगतदार. जानश्रुती राजा सहाशे गाई, एक निष्क आणि खेचरांचा रथ घेऊन रैक्वाकडे ज्ञान मागायला जातो. रैक्व गाड्याखाली खरूज खाजवत बसलेला. तुझा हार, तुझा रथ नि तुझ्या गाई तुझ्याकडेच ठेव, असं म्हणून तो राजाला परत पाठवतो. राजा पुन्हा येतो. या खेपेला हजार गाई, निष्क, रथ, वर आपली मुलगी आणि ज्या गावात रैक्व बसलाय ते गावही. या वेळी रैक्व शिकवायला तयार होतो. आतेला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “शहाणा होता. पहिल्या भावाला कोण सुपारी देतं?” मुलीचं कळल्यावर मात्र तिने रैक्वाला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

पुढे पाणिनी ‘इतक्या निष्कांना विकत घेतलेलं’ अशा शब्दांचे नियमच बांधून देतो. मनुस्मृतीत निष्क म्हणजे चार सुवर्ण, असं वजन ठरतं. आणि अमरकोश एका श्लोकात सगळं उरकतो: एकशे आठ सुवर्ण, सोनं, छातीवरचा दागिना, पल हे वजन, आणि दीनार. हा श्लोक मला पाठ आहे तो त्यातल्या दोन गोष्टींसाठी. छातीवरचा दागिना आणि दीनार. दीनार आपला नव्हे. तो रोमचा, देनारियस. जहाजातून आला आणि अमरसिंहाच्या कोशात जाऊन बसला.

ही जहाजं इथेच लागत. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी पुस्तकात या किनाऱ्याची बंदरं ओळीने दिली आहेत. सोपारा, कल्याण, आणि सेमिल्ला म्हणजे आपलं चौल. त्याच शतकात प्लिनी हा रोमन लेखक रोममध्ये बसून कुरकुरत होता की हिंदुस्थान दर वर्षी आपली पाच कोटी सेस्टर्स नाणी गिळतो. अशी कुरकूर आयात करणारे सगळेच करतात. पण गिळून त्या सोन्याचं इथे काय झालं, हे नाणी बघितल्यावर कळतं. भारतात सापडलेल्या कितीतरी रोमन सोन्याच्या नाण्यांना भोकं पाडलेली आहेत, काहींना कड्या डकवलेल्या आहेत. तिकडचा सम्राट इकडे दोऱ्यात ओवला गेला. वेदात हाराचं नाणं झालं होतं, आता नाण्याचा हार झाला. नाण्याला भोक पाडलं की ते बाजारातून उठतं आणि घरात येतं. घरातून बाजारात परत जायची वेळ आली तर भोकाएवढं सोनं कमी, बाकी काही बिघडत नाही.

रोमनंतर हजारेक वर्षांनी तीच गोष्ट परत झाली. व्हेनिसने १२८४ साली ड्युकॅट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला घेतलं, साधारण साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध, आणि १७९७ साली व्हेनिसचं राज्य बुडेपर्यंत त्यांनी त्याचा घाट नि कस फारसा बदलला नाही. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला चांदण्यांत उभा येशू. तांबड्या समुद्रातून ते पश्चिम किनाऱ्यावर येऊ लागलं. आपल्या लोकांनी त्यावरची चित्रं पाहिली आणि नाव दिलं पुतळी. मग सोनारांनी आपले ठसे केले, संत मार्कच्या जागी लक्ष्मी आली, रामसीता आली, आणि पुतळ्यांची माळ मराठी बायकांच्या गळ्यात कायमची आली. लग्नात पुतळ्यांची माळ घालून मिरवणाऱ्या मुलींना व्हेनिसच्या त्या गुडघे टेकलेल्या गृहस्थाचा पत्ता नसतो. असायचं कारणही नाही.

आजीची माळ अशाच सोनारी पुतळ्यांची होती. पुतळ्या पातळ, अंगठ्याच्या नखाहून थोड्या मोठ्या, कडेला बारीक दाणे. मधली आकृती लक्ष्मीची म्हणायची एवढंच, कारण घासून घासून तिचं नाक गेलेलं आणि हात कमळासकट पोटात विरलेले. प्रत्येक पुतळीला वर कडी, कडीतून लाल रेशमी दोरा, मागे पटवेकऱ्याने घातलेला गोंडा. हा दोरा दर काही वर्षांनी कुजायचा. कोकणातल्या दमट हवेत रेशीम आणि घाम एकत्र आले की दुसरं काय होणार? मग पटवेकरी यायचा तेव्हा आजी माळ गाठवून घ्यायची. तो ओटीवर, आजी माजघराच्या उंबऱ्यावर, आणि पुतळ्या मधल्या पाटावर मोजून ठेवलेल्या. तो दोरा ओढून गाठ मारी आणि आजी ओठांत पुटपुटत पुतळ्या मोजी. तो माणूस चांगला होता, तरी मोजायच्या.

एरवी माळ भाताच्या कणगीत, तळाशी, फडक्यात. ती बाहेर निघायची गौरीला, लग्नाला आणि शिमग्यात पालखी दारात आली की. निघाली की घरभर आवाज. बोरमाळेचा असा आवाज होत नाही, कारण बोरांच्या पोटात लाख भरलेली असते. पुतळी मात्र पुतळीवर वाजते. आजी माजघरातून ओटीवर येईपर्यंत ती येतेय हे आम्हाला कळलेलं असायचं आणि खळ्यात चाललेली मारामारी थांबायची.

या माळेचं अंकगणित मला आतेने समजावून सांगितलं. आजोबा मुंबईला नोकरीत, घर आणि आगर आजीकडे. आगर म्हणजे समुद्राकाठची नारळी-पोफळीची बाग. पहाटे शिंपणं काढायचं, म्हणजे रहाटाचं पाणी पाटाने झाडाझाडाच्या मुळाशी पोचवायचं. मुंबईची मनीऑर्डर किराणा, फी आणि देणी यांत जायची. सुपारी मात्र आजीची. सोलून, वाळवून, विकून झाल्यावर ज्या वर्षी हातात काही उरे त्या वर्षी एक पुतळी. बँक तालुक्याच्या गावी, तिथे जायचं म्हणजे एक दिवस मोडायचा, आणि जाऊन सही कुणाची लागणार? आजोबांची. पुतळीला सही लागत नाही.

असं वाढत वाढत गेलं आणि मग एकेक कमी होऊ लागलं. विहिरीवर पंप बसवला तेव्हा एक. काका रत्नागिरीला शिकायला गेला तेव्हा एक. बांधाच्या वादात कोर्टाच्या तारखा पडू लागल्या तेव्हा किती, हे आतेही सांगत नाही. आजीची एक रीत होती. पुतळी निघाली की तिच्या जागी ती एक पोवळं ओवून घ्यायची. माळेची लांबी तेवढीच राहायची, गळ्यात घातल्यावर उणीव दिसायची नाही. निदान आजीला तसं वाटायचं. शेजारपाजारच्या बायकांची नजर असली कशी चुकेल? “वहिनींची माळ लाल व्हायला लागली गो,” असं पाणवठ्यावर बोललं जायचं आणि गावाला कळायचं की यांचं काहीतरी अडलंय. पुतळ्यांच्या मधे मधे पोवळी. आता बघा, सोन्यात लाल खडे, वाजणारी, अनेकरूपा. पाहुण्याला ती श्रीमंतीच वाटली असती.

१९६३ च्या जानेवारीत सरकारने सुवर्णनियंत्रण आणलं. चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. चीनचं युद्ध होऊन गेलेलं, परकीय चलनाची चणचण, सोन्याची चोरटी आयात थांबवायची, अशी कारणं होती आणि ती खोटी नव्हती. पण देशभरचे सोनार एका रात्रीत हात बांधून बसले. आमच्या सोनाराने आजीला सांगितलं, “काकी, आता चौदाचंच मिळेल.” चौदा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत सोनं चौदा आणि दहा भाग दुसरा धातू. आजीने नको म्हटलं. पितळच घ्यायचं तर भांडी घेईन, असं म्हणाली म्हणे. सोनार पुढे मुंबईला मुलाकडे गेला. नियम नंतर बरेच सैल झाले, १९६८ चा कायदाही १९९० मध्ये रद्द झाला, पण आजीची माळ त्या जानेवारीनंतर वाढली नाही. उतरायचा रस्ता तेवढा चालू राहिला.

म्हणून मला यमाचं ते ‘बुडतात’ नीट पचत नाही. या किनाऱ्यावर माळेत कुणी बुडालं नाही असं मी म्हणणार नाही. आजी गेल्यावर तेराव्याच्या आधीच आमच्याकडे माळेवरून बोलाचाली झाली, दोन घरं काही वर्षं एकमेकांच्या गणपतीला गेली नाहीत, आणि यावर कठोपनिषदातला श्लोक कुणी म्हटला असता तर शोभलाच असता. पण त्या आधीची पन्नास वर्षं ती माळ होती म्हणून घर तरलं, हेही तितकंच खरं. नचिकेत्याचं बोलणं खोटं नाही. पैशाने माणसाचं समाधान होत नाही, अख्खं आयुष्यही थोडकंच, हे तो म्हणतो ते मला पटतं. फक्त तो मुलगा होता, लहान होता, आणि त्याच्या मागे ना आगर होतं ना लग्नाची बहीण. त्याची आई त्या उपनिषदात कुठेच येत नाही. ती असती आणि यमाच्या दाराशी उभी असती, तर तिने ती माळ पदराखाली घेतली असती असं मला राहून राहून वाटतं. त्या आटलेल्या गाई बघता घरात ओढग्रस्त असणारच.

माळेची वाटणी शेवटी सोपी झाली, कारण पुतळ्या वाटता येतात. रत्नांच्या हाराला ही सोय नाही. मधला मोठा खडा कुणाचा, यावर खानदानं भांडतात. पुतळीला पुतळी सारखी. सोनाराने सगळ्यांसमोर दोरा कापला, पुतळ्या तीन ढिगांत घातल्या, एक जास्त आली ती गावदेवीला वाहिली. पोवळी उरली. ती कुणी मागितली नाहीत. आतेने मागितली. तिच्याकडे ती अजून आहेत, वेगळी ओवलेली, आणि मूडमध्ये असली की एकेका पोवळ्यावर बोट ठेवून सांगते, हा पंप, हा अण्णा रत्नागिरीला गेला तो, हे माझं लग्न.

देवीला वाहिलेलं सोनं तरी एका जागी राहतं का? श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला १९९७ साली एका बागेत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने. कधीतरी कुणीतरी कसल्या तरी भीतीने पोफळीच्या मुळाशी ठेवलेले, परत न्यायला आलेच नाहीत. देऊळ झालं, गर्दी झाली, घरगुती खानावळी उभ्या राहिल्या. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचे जीव गेले आणि मुखवटा वितळवला गेला. चोरांकडून सोनं मिळालं, पण मुखवटा मिळाला नाही. कोर्टकज्ज्यातून सुटून, नव्याने घडून तो २०२१ च्या नोव्हेंबरात परत देवळात आला. पंचनाम्यात सोन्याला सोनं म्हणत नाहीत, ‘पिवळ्या धातूचे’ असं लिहितात. खरं आहे की नाही हे पोलिसाने ठरवायचं नसतं म्हणून. वितळल्यावर सगळ्याच माळा आणि सगळेच देव पिवळ्या धातूचे.

तीन जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ते याच दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने आणि दापोली-मंडणगडपर्यंत आगरं झोपवून गेलं. आमच्या आगरात सकाळी पोफळी मोजायच्या होत्या त्या दुपारनंतर मोजायचं कारण उरलं नाही. नारळ मुळासकट आडवे, पोफळी मधेच मोडलेल्या. सुपारीचं रोप लावल्यापासून हातात पीक यायला सहा-सात वर्षं तरी जातात. भरपाईची रक्कम झाडामागे जी ठरली ती ऐकून चुलतभाऊ नुसताच हसला.

त्याने वाटणीतल्या पुतळ्या काढल्या आणि सोनेतारणाला नेल्या. मी त्या दिवशी बरोबर होते. मूल्यांकन करणारा माणूस बँकेचा नव्हता, गावातलाच सोनार, तेवढ्यापुरता खुर्चीवर बसलेला. वहिनीने हौसेने पुतळ्यांत मोती आणि हिरवे खडे ओवून घेतले होते. त्याने दोरा सोडला, मोती बाजूला, खडे बाजूला, दोरा बाजूला. एक पुतळी कसोटीवर घासली, सोनेरी रेघेवर थेंब टाकला, रेघ राहिली. पावतीवर दोन रकाने असतात, एकूण वजन आणि निव्वळ वजन. कर्ज निव्वळ वजनावर. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमाने शेतीबाहेरच्या कर्जांना किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत. त्या ऑगस्टात करोनामुळे ही मर्यादा काही महिने ९० टक्के केली होती, पण भावाने शेतीसाठी घेतलं, व्याज कमी म्हणून. मोती आणि खडे त्याने कागदाच्या पुडीत बांधून वहिनीला परत दिले. ‘रत्नमयी’ मधली रत्नं अशी पहिल्या झटक्यात वजा. यमाने ती सृंका तालुक्याच्या शाखेत आणली असती तर तिचं काय झालं असतं, याचा मला अंदाज आला.

त्या पैशांवर रोपं आली, कुंपण झालं, दोन पावसाळे निघाले. मधल्या आंतरपिकाने आणि भावाच्या होमस्टेच्या दोन खोल्यांनी कर्ज फिटलं आणि पुतळ्या सुटून घरी आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सुट्या. आता त्यांचं काय करायचं यावरून घरात दोन पक्ष आहेत. वहिनीला त्या मोडून एक भरीव ठुशी हवीय. आता पुतळ्या कोण घालतं, आणि सोन्याचा भाव बघता अंगावर एक तरी नीट वस्तू हवी, हे तिचं म्हणणं मला गैर वाटत नाही. भावाला त्या आहेत तशाच कपाटात हव्यात.

आते दोघांवरही चिडलीय. “ठुशी कर, नाहीतर हार कर,” ती वहिनीला म्हणाली, “पण एकसंध नको करू. अडीनडीला ठुशीतला अर्धा मणी काढून देशील का कुणाला? एकेक निघाली पाहिजे.” वहिनी म्हणाली, “आते, आता अडीनडीला बँक अख्खी वस्तू ठेवून घेते, मोडावं लागत नाही.” यावर आतेकडे उत्तर नव्हतं. तिने पोवळ्यांची पुरचुंडी काढून वहिनीपुढे ठेवली, हवी तर मधे ओवून घे म्हणाली. वहिनीने घेतली नाहीत अजून, नाहीही म्हणाली नाही. सोनाराने दसऱ्यापर्यंत सांगा म्हटलंय. भाव वर-खाली होईल तो होईल, मजुरी तेवढी वाढणार हे त्याने आत्ताच सांगून ठेवलंय.